संग्रहालाही समीक्षा हवी

आपल्या नियतकालिकांत पुस्तकांची परीक्षणे नियमाने येतात. कादंबरी, काव्यसंग्रह, चरित्र, प्रवचनमाला यांच्या गुणदोषांची आपण चर्चा करतो. परंतु ही पुस्तके अखेरीस जिथे जतन होतात, त्या ग्रंथालयाचे परीक्षण क्वचितच कोणी लिहितो. इमारतीचे, वाचनकक्षाचे, ग्रंथसंख्येचे कौतुक होते. संग्रह कोणत्या विचाराने घडला, काय घेतले, काय नाकारले आणि घेतलेल्याची ओळख वाचकाला कशी करून दिली, हे मात्र विचारले जात नाही. वास्तविक एखाद्या विशिष्ट विषयाला वाहिलेले संशोधन-ग्रंथालय हीदेखील एक रचना असते. तिच्यात निवड असते, मांडणी असते, आणि ग्रंथात असतात तसे दोषही असतात. अशा रचनेची पारख कोणत्या कसोट्यांवर करावी, हे या लेखात पाहायचे आहे. त्यासाठी आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याच्या एका ग्रंथाचे उदाहरण घेतो. तो ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. या ग्रंथाचा इतिहास जितका मराठी वाङ्मयाचा आहे, तितकाच तो ग्रंथसंग्रहांचाही आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गावातील सार्वजनिक वाचनालय आजच्या वाचकासाठी असते. वाचकाला जे हवे ते त्याने आणावे, जे कोणी वाचत नाही ते काढून टाकावे, हे त्याच्या दृष्टीने योग्यच. संशोधन-ग्रंथालयाचा वाचक मात्र पुष्कळदा अजून जन्माला यायचा असतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जे पाच नियम मांडले, त्यांत प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असा एक नियम आहे. सार्वजनिक वाचनालयात हा वाचक महिन्याभरात यावा अशी अपेक्षा असते. संशोधन-ग्रंथालयात तो शंभर वर्षांनी आला तरी त्याचे स्वागत व्हावे लागते. म्हणून मागणी किती आहे, या एका मापाने अशा संग्रहाची किंमत करता येत नाही.

मग माप कोणते? पहिली कसोटी मर्यादेची. जगातील कोणतेही ग्रंथालय सर्व काही घेऊ शकत नाही. ज्याने मर्यादा आखली नाही त्याचा संग्रह होत नाही, ढीग होतो. चांगली ग्रंथालये म्हणून आपले संग्रह-धोरण लेखी ठेवतात. कोणता विषय, कोणत्या भाषा, कोणता काळ, कोणता प्रदेश आणि किती खोलवर, हे त्यात नमूद असते. अमेरिकेतील मोठ्या संशोधन-ग्रंथालयांनी १९८० च्या दशकात या खोलीचे शून्य ते पाच असे टप्पे ठरवले. शून्य म्हणजे तो विषय आमच्या कक्षेबाहेर. तीन म्हणजे महाविद्यालयीन अध्यापनाला पुरेल इतका. चार म्हणजे स्वतंत्र संशोधनाला पुरेल इतका. पाच म्हणजे त्या विषयावरील शक्य तितके सर्व. ही पद्धत रुक्ष वाटेल. परंतु तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. ज्या ग्रंथालयाने एखाद्या विषयासमोर शून्य लिहिले, त्याने ‘यासाठी दुसरीकडे जा’ असे संशोधकाला स्पष्ट सांगितले. ज्याने पाच लिहिले, त्याने एक वचन दिले, आणि त्या वचनावरून त्याला जाब विचारता येतो.

दुसरी कसोटी आगमनाची. संग्रहात वस्तू खरेदीने येते, देणगीने येते, देवाणघेवाणीने येते, कायद्याने येते आणि कधी कधी इतिहासाच्या उलथापालथीतून येते. गोव्याचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ मध्ये सुरू झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत पोर्तुगीज सत्तेने धार्मिक संघ बरखास्त केले आणि मठांतील ग्रंथ या ग्रंथालयाकडे आले. त्या संग्रहाची घडण समजून घ्यायची तर हा राजकीय निर्णयही ध्यानात घ्यावा लागतो. दुसरे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरच्या काळातील आहे. भारताने अमेरिकेकडून घेतलेल्या धान्याची किंमत रुपयांत चुकती होत असे. त्या रुपयांतील काही भाग वापरून, १९६२ पासून दिल्लीतील एका कार्यालयामार्फत लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतील नवी पुस्तके खरेदी करून अमेरिकन विद्यापीठांना पाठवण्यास आरंभ केला. त्यांत मराठीही होती. त्यामुळे पुण्यामुंबईत आज सहज न मिळणारे एखादे मराठी पुस्तक शिकागोच्या विद्यापीठात शिस्तीने ठेवलेले आढळते. त्या ग्रंथपालांनी पुस्तक थोर आहे की सामान्य, हा निवाडा आपल्याकडे घेतला नाही. तो त्यांनी पुढच्या पिढीवर सोपवला. विशेष ग्रंथालयाच्या दृष्टीने हे शहाणपण आहे. समकालीनांची अभिरुची हा जतनासाठी विश्वासार्ह निकष नव्हे.

‘ख्रिस्तपुराणा’च्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. फादर स्टीफन्स हे इंग्लंडमधून आलेले येशूसंघीय. ते १५७९ मध्ये गोव्यात पोहोचले आणि १६१९ मध्ये निवर्तले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्याचे सांगतात. हा ग्रंथ एखाद्या विद्वानाच्या टेबलासाठी लिहिलेला नव्हता. तो देवळात, घरात वाचला जाई, ऐकला जाई. आणि तरीही त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. रोजच्या वापराने पुस्तके झिजतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत कसर आणि वाळवी त्यांचा फडशा पाडतात. १६८४ मध्ये पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषेच्या विरोधात फर्मान काढले. अशा वातावरणात त्या भाषेतील ग्रंथ जपण्याची कळकळ सत्ताधाऱ्यांना नव्हती. जो ग्रंथ सर्वांच्या हातात असतो तो कोणीच ठेवून देत नाही, आणि जो जनसामान्यांच्या भाषेत असतो त्याला मान्यवर संग्रहात जागा मिळत नाही. लोकप्रिय धार्मिक वाङ्मय नाहीसे होण्याची ही दोन कारणे आजही तशीच कायम आहेत.

पुराण वाचले ते हस्तलिखितांमुळे. गोव्यातील आणि तेथून मंगळूरकडे स्थलांतर केलेल्या कुटुंबांनी रोमन लिपीतील नकला जपल्या. त्या नकलांच्या आधारे १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला रोमन आवृत्ती प्रसिद्ध केली. देवनागरी हस्तलिखिताची कथा मात्र निराळी आहे, आणि संग्रहाच्या व्यवस्थापनाविषयी ती अधिक शिकवते.

विल्यम मार्सडेन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत सुमात्रा बेटावर राहिलेले आणि पुढे ब्रिटिश नौदल खात्याचे सचिव झालेले गृहस्थ. भाषा आणि नाणी हे त्यांचे व्यासंग. गोव्यातील येशूसंघीयांशी संबंधित काही हस्तलिखिते त्यांच्या संग्रहात जाऊन पोहोचली. १८२७ मध्ये त्यांनी आपल्या ग्रंथांची सूची छापली आणि १८३५ मध्ये तो ग्रंथसंग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला. १९१७ मध्ये हा संग्रह नव्याने स्थापन झालेल्या स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजकडे आला. हीच संस्था आज पौर्वात्य व आफ्रिकी अध्ययनाची संस्था म्हणून जगभर परिचित आहे. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांना या संग्रहात देवनागरी लिपीतील ‘ख्रिस्तपुराण’ आढळले, आणि त्या संस्थेच्याच नियतकालिकात त्यांनी हा शोध जाहीर केला.

येथे ‘शोध’ हा शब्द विचारपूर्वक पाहण्यासारखा आहे. हस्तलिखित हरवलेले नव्हते. ते एका सुस्थित, सुरक्षित संग्रहात सुमारे नव्वद वर्षे होते. चोरी नाही, आग नाही, वाळवी नाही. तरीही मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच होते. ज्याला मराठी येते आणि ज्याला ख्रिस्ती पुराणाचा परिचय आहे असा माणूस त्या कपाटापाशी जाईपर्यंत त्याला नाव मिळाले नाही. संग्राहकाने ते जपले याबद्दल आपण कृतज्ञ असावे. पण जपणे म्हणजे संग्रह करणे नव्हे, हेही याच उदाहरणावरून सिद्ध होते. संशोधन-ग्रंथालयाची तिसरी आणि माझ्या मते सर्वांत कठोर कसोटी हीच आहे : जे आहे त्याचे वर्णन झाले आहे काय?

वर्णन म्हणजे नुसती दाखलनोंद नव्हे. ‘एक भारतीय पोथी, पाने इतकी’ अशी नोंद करून दाखल क्रमांक देणे हे गोदामाचे काम झाले. हस्तलिखिताच्या चांगल्या वर्णनात भाषा आणि लिपी येते, आरंभीचे आणि अखेरचे शब्द येतात, हस्ताक्षर एकाचे की अनेकांचे हे येते, कोणती पाने गहाळ आहेत, कागद आणि शाई कशी आहे, हे येते. ती वस्तू कोणाकोणाच्या हातून येथवर आली याची साखळी येते आणि त्याच ग्रंथाच्या इतर प्रती कुठे आहेत याचा निर्देश येतो. यासाठी भाषा जाणणारा माणूस लागतो, आणि त्याच्या वेळेला पैसा लागतो. ग्रंथालयांच्या अंदाजपत्रकांत नव्या इमारतीला देणगीदार मिळतो, संगणकालाही मिळतो. सूचीकाराच्या पगाराला मिळत नाही. संग्रहांतील बहुतेक अंधार या एका कारणाने आहे.

वर्णन झाल्यावर काय घडते तेही पाहू. रोमन नकलांत लॅटिन-पोर्तुगीज वळणाचे अनेक धार्मिक शब्द आहेत. मार्सडेन संग्रहातील देवनागरी संहितेत अशा ठिकाणी बहुधा संस्कृत वळणाचे शब्द येतात. अ‍ॅबट यांचे मत असे पडले की मूळ ग्रंथ देवनागरीतच लिहिला गेला आणि गोव्यात देवनागरी खिळे नसल्यामुळे तो रोमन लिपीत छापावा लागला. उलट, ही संहिता नंतर कोणीतरी संस्कारित केलेली असावी असे मानणारेही अभ्यासक आहेत. हा वाद केवळ लिपीचा नाही. आपली श्रद्धा मराठीत प्रथम कोणत्या शब्दांनी बोलली, या प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. पवित्र संस्कारांना परकीय नावे ठेवणारा स्टीफन्स आणि त्यांना या मातीतील नावे शोधणारा स्टीफन्स या दोन वेगळ्या प्रतिमा आहेत. १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी ‘ख्रिस्तपुराण’ देवनागरीत आणले. त्यानंतरही त्याच्या आवृत्त्या निघाल्या आणि मराठी वाचकाला हे काव्य सुलभ झाले. परंतु कोणती संहिता मूळच्या जवळची, हे ठरवायला दोन्ही परंपरांची हस्तलिखिते शेजारी ठेवूनच वाचावी लागतात. समीक्षकाचा निर्णय शेवटी ग्रंथपालाच्या वर्णनावर उभा असतो.

चौथी कसोटी मांडणीची. तिच्यासाठी लंडनमध्येच, या संस्थेपासून काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या दुसऱ्या एका ग्रंथालयाकडे जावे लागेल. ते म्हणजे वॉरबर्ग इन्स्टिट्यूट. हॅम्बुर्गचे कला-इतिहासकार आबी वॉरबर्ग यांनी प्राचीन ग्रीक-रोमन संस्कृतीच्या प्रतिमा पुढील युरोपात कशा टिकल्या, या एका प्रश्नाचा ध्यास घेतला आणि त्या प्रश्नाभोवती ग्रंथ जमवले. त्यांच्या मते आपल्याला ठाऊक असलेले पुस्तक आपल्याला हवे असलेले पुस्तक असतेच असे नाही. हवे ते बहुधा त्याच्या शेजारी असते. म्हणून आकार, भाषा किंवा लेखकाचे आडनाव यांवरून न ठेवता त्यांनी ग्रंथ विचारांच्या शेजारधर्माने लावले. ज्योतिषाशेजारी खगोलशास्त्र आले, जादूटोण्याशेजारी धर्म आला. वॉरबर्ग १९२९ मध्ये वारले. नाझी सत्तेवर आल्यावर, १९३३ च्या डिसेंबरात, त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे साठ हजार ग्रंथ दोन बोटींतून लंडनला हलवले. १९४४ मध्ये ही संस्था लंडन विद्यापीठात सामील झाली.

मार्सडेन आणि वॉरबर्ग या दोन संग्रहांची तुलना उद्बोधक आहे. मार्सडेन यांचे कुतूहल विशाल होते, पण गोव्याची हस्तलिखिते वाचणारा वर्ग त्यांच्या संग्रहाभोवती नव्हता. वॉरबर्ग यांच्या संग्रहाभोवती फ्रिट्झ झाक्सल आणि गेरट्रूड बिंग यांच्यासारखे सहकारी होते. त्यांना संग्रहाचा प्रश्न ठाऊक होता, म्हणून संस्थापकाच्या मृत्यूनंतर आणि देशांतरानंतरही संग्रह अर्थपूर्ण राहिला. अर्थात या पद्धतीतही धोका आहे. एका माणसाच्या प्रश्नाने लावलेले ग्रंथ दुसऱ्याचा प्रश्न दडपू शकतात. शिवाय अशी मांडणी सांभाळणे खर्चाचे असते. विद्यापीठाने संस्थेवर किती खर्च करावा याविषयी वाद झाला तो न्यायालयापर्यंत गेला. २०१४ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने निर्णय देताना १९४४ च्या विश्वस्त-दस्तातील जबाबदारी विद्यापीठावर बंधनकारक असल्याचे म्हटले. देणगी देताना लेखी अटी किती महत्त्वाच्या असतात, हे येथे दिसते. दिलेल्या ग्रंथांची पुढे काय व्यवस्था होईल हे न विचारता दिलेली देणगी आणि ती व्यवस्था करण्याची ऐपत न पाहता स्वीकारलेली देणगी, दोन्ही बेजबाबदारच.

आपल्या मुंबईतही प्रश्नाभोवती घडलेला एक संग्रह आहे. स्पॅनिश येशूसंघीय फादर हेन्री हेरास १९२२ मध्ये मुंबईत आले आणि १९२६ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास-संशोधनाची संस्था स्थापन केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ग्रंथांबरोबर नाणी, मूर्ती आणि भारतीय शैलीतील ख्रिस्ती चित्रे त्यांनी जमवली. एखादा धर्मगुरू भारतीय मूर्तिशिल्प आस्थेने गोळा करतो आणि त्याचबरोबर भारतीय चित्रकारांनी ख्रिस्तचरित्र भारतीय रेषेत रंगवावे म्हणून प्रोत्साहन देतो, यात एक सलग दृष्टी होती. सिंधू संस्कृतीच्या लिपीचा उलगडा केल्याचा फादर हेरास यांचा दावा विद्वानांनी सर्वमान्य केला नाही. परंतु तो सिद्धांत मागे पडला म्हणून संग्रहाचे मोल उणे झाले नाही. संग्राहकाचे निष्कर्ष चुकू शकतात. त्याने गोळा केलेली सामग्री प्रामाणिक आणि नीट वर्णिलेली असेल, तर पुढचा संशोधक तिच्यावरून वेगळा निष्कर्ष काढू शकतो.

आता एका नाजूक प्रश्नाला हात घातला पाहिजे. आपल्या पूर्वजांची पोथी लंडनमध्ये का असावी? ही खंत अनाठायी नाही. वसई, मंगळूर किंवा मडगाव येथील अभ्यासकाला तिथवर जाण्याचे भाडे परवडत नाही. परकीय सत्तेच्या काळात अनेक वस्तू येथून गेल्या, हेही खरे. तथापि नुसत्या खंतीने हाती काही लागत नाही. संगणकीय प्रतिमा आता अंतर पुष्कळ कमी करू शकतात. पण तिथेही तीच अट आहे. ज्या वस्तूचे वर्णन नाही तिची प्रतिमाही पडद्यावर सापडत नाही. कपाटातला अंधार फक्त यंत्रात जातो. आणि लंडनकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात, याचेही भान हवे.

‘निरोप्या’ हे मासिक १९०३ मध्ये सुरू झाले. त्याचे जुने अंक, उत्तर कोकणातील लग्नगीतांच्या वह्या, मिशनांतील धर्मशिक्षकांची टिपणे, देवळाच्या सणाच्या पत्रिका, गायनमंडळांची हस्तलिखित गाणी, संडे स्कूलची पुस्तके : मराठी भाषक ख्रिस्ती समाजाचा वाङ्मयीन आणि सामाजिक इतिहास लिहायचा तर सामग्री ही आहे. ती ‘ख्रिस्तपुराणा’च्या छापील प्रतींसारखीच आहे. सर्वांच्या घरी आहे, म्हणून कोणाकडेच जपलेली नाही. घर बदलताना, वडीलधारे गेल्यावर, रंगकाम निघाल्यावर ती रद्दीत जाते. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद वापरात आला. तो आपोआप पिवळा पडून तुटतो. गोव्याच्या जुन्या दफ्तरांत लोहयुक्त शाईने कागद खाल्लेला दिसतो. म्हणजे हाताला काही न लागताही ही सामग्री नष्ट होण्याच्या मार्गावर असते.

यासाठी प्रत्येक धर्मग्रामाने ग्रंथालय काढावे असे मी म्हणणार नाही. तशी डझनभर अर्धवट ग्रंथालये म्हणजे डझनभर ढीग. समाजात आणि धर्मसंघांत अभ्यासकेंद्रे आहेत. त्यांनी आपसांत क्षेत्रे वाटून घ्यावीत. कोणी नियतकालिके पूर्ण करावीत, कोणी लोकगीते, कोणी हस्तलिखिते. आणि कोण कशासमोर पाच लिहितो व कशासमोर शून्य, हे उघड सांगावे. देणगी स्वीकारताना ती कोण वाचील, कोण वर्णील, याचे उत्तर आधी द्यावे. विश्वस्तांनी दरवर्षी किती पुस्तके वाढली एवढेच विचारण्यापेक्षा कितींचे वर्णन पूर्ण झाले हे विचारावे. कुटुंबांनी जुनी वही देताना तिच्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी : ही कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या वर्षांतील, कोणत्या प्रसंगी वापरली जाई. पन्नास वर्षांनंतर ही माहिती कोणत्याही पैशाने मिळणार नाही, आणि आज ती आजीला विचारून पाच मिनिटांत लिहिता येते.

‘ख्रिस्तपुराण’ आपल्यापर्यंत पोहोचले ते नकला करणाऱ्या अनाम हातांमुळे, एका परक्या संग्राहकाच्या कुतूहलामुळे आणि शेवटी ते ओळखणाऱ्या एका वाचकामुळे. यांतील पहिल्या दोहोंचे श्रम तिसऱ्यावाचून नव्वद वर्षे मूक राहिले. म्हणून कोणत्याही संशोधन-ग्रंथालयाला मी प्रथम हेच विचारीन की, तुमच्या कपाटांतील किती वस्तूंना अजून नाव मिळालेले नाही? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर जे देऊ शकते, ते ग्रंथालय लहान असले तरी विश्वासाला पात्र आहे.